ई-एमटीबी: कार्बन फ्रेम की अलॉय? (ठाणे, खाडीसमोर, पाचवा मजला)

कासारवडवली_पेडल

नमस्कार मंडळी. ई-एमटीबी, म्हणजे विजेच्या मोटरची डोंगरी सायकल घ्यायची आहे, मिड-ड्राइव्ह (मोटर पेडलच्या आसाशी) आणि फुल सस्पेन्शनची (पुढे-मागे दोन्हीकडे हादरे झेलणारी). एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्यांवर येऊन गाडी अडली आहे, एक अलॉय (अॅल्युमिनिअमच्या मिश्रधातूच्या) फ्रेमची आणि एक कार्बनची. दोन्हींना मोटर ८५ न्यूटन-मीटरची, बॅटरी ६२५ वॅट-तासांची, ट्रॅव्हल (सस्पेन्शन किती दबतं ते) पुढे १६० आणि मागे १५० मिलिमीटर. कार्बनवालीला फोर्क (पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा) आणि ब्रेक एक पायरी वरचे. दुकानाच्या कागदावर अलॉय २४.१ किलो आणि कार्बन २३ किलो. किमतीतला फरक मात्र चांगलाच बोचणारा आहे.

चालवणाऱ्याचं वजन बॅगेसकट ८२ किलो. आठवड्यात दोनदा घोडबंदर रोडवरून उपवनमार्गे येऊरचा डांबरी चढ, रविवारी खारघरचा डोंगर किंवा मुरबाडच्या बाजूच्या कच्च्या वाटा. पावसाळ्यातही चालवायची आहे. सायकल पाचव्या मजल्यावर राहील. लिफ्ट आहे, पण तिच्यात सायकल मागच्या चाकावर उभी करूनच मावते. समोर खाडी.

विचारायचं एवढंच, की जादा पैसे कार्बनला द्यावेत का? आणि आपल्याकडच्या दगडात आणि दमटपणात कोणती फ्रेम जास्त टिकेल?

रबाळे_टूलरूम

आधी वजनाचा हिशेब उरकू, कारण दुकानात सगळा जोर त्यावरच असतो.

हा १.१ किलोचा फरक अख्खा फ्रेमचा नाही. वरचा फोर्क आणि हलके ब्रेक यात दोन-तीनशे ग्रॅम सहज जातात. फ्रेमचा वाटा ८०० ग्रॅम धरा. एवढं वजन ३०० मीटर वर न्यायला ०.८ गुणिले ९.८१ गुणिले ३००, म्हणजे सुमारे २,३५० ज्यूल लागतात, वॅट-तासात ०.६५. सगळा भार मोटरवर टाकला आणि तिची कार्यक्षमता ७५ टक्केच धरली, तरी बॅटरीतून एक वॅट-तासही जात नाही. तुमच्याकडे आहेत ६२५. तुम्ही, बॅग आणि सायकल मिळून १०६ किलो तेवढंच वर न्यायला, मोटर एकटी ओढत असेल तर, ११५ च्या आसपास लागतात. या ११५ मध्ये तो एक शोधत बसायचा. मागच्या टायरमधली हवा थोडी कमी राहिली तरी डांबरावर याहून जास्त चार्ज उडतो.

बिनमोटरच्या १२-१३ किलोच्या सायकलवर हाच फरक पायाला कळतो, त्यामुळे तिथली चर्चा इथे जशीच्या तशी आणू नये.

ई-एमटीबीत कार्बनचा हलकेपणा मुळात आक्रसतो तो डाऊनट्यूबमुळे, म्हणजे हँडलखालून पेडलकडे उतरणाऱ्या नळीमुळे. बॅटरी आत बसवायची तर नळीला खालून किंवा बाजूने लांबलचक खिडकी कापावी लागते. कागदाची सुरळी करून कडा चिकटवा आणि पिळून बघा. मग तिला उभा छेद द्या आणि पुन्हा पिळा. तेच फ्रेमचं होतं. गेलेला ताठपणा भरून काढायला अलॉयमध्ये भिंत जाड करतात, कार्बनमध्ये थर वाढवतात. त्यात मोटर जिथे बोल्टने टांगली जाते तिथे कार्बन फ्रेमलाही धातूचे इन्सर्ट लागतात. वाचवलेलं वजन बरंचसं तिथेच खर्ची पडतं.

तुमच्या लिफ्टचा प्रश्न फ्रेमने सुटणार नाही. चावी लावून बॅटरी काढा आणि पाठीवरच्या बॅगेत टाका. साडेतीन किलो गेले, कार्बन फ्रेमच्या चौपटीहून जास्त, आणि फुकट. फक्त घेताना बघा की बॅटरी खरोखर बाहेर निघते. हलक्या वर्गातल्या काही सायकलींची बॅटरी मोटर उतरवल्याशिवाय निघत नाही. तसली घेतली आणि पार्किंगमध्ये प्लग नसला की रोज अख्खी सायकल वर न्यायची. ४ अँपिअरच्या चार्जरला ६२५ ची बॅटरी रिकामी ते पूर्ण भरायला साधारण ५ तास लागतात.

माझं मत अलॉय.

सीवूड्स_स्पॅनर

टूलरूमवाल्यांचा हिशेब बरोबर, पण निकाल घाईने दिला.

वजन सोडून द्या. अॅल्युमिनिअमला थकव्याची खालची मर्यादा नसते. स्टीलमध्ये ताण ठरावीक पातळीच्या खाली राहिला तर ते जवळजवळ कितीही फेरे सोसतं. अॅल्युमिनिअममध्ये लहान ताणसुद्धा जमा होत जातो. २४ किलोची सायकल, वर ८२ किलो, चढावर मोटरचा झटका, उतारावर खड्डे. चिरा पडतात त्या ठरलेल्या जागी, आणि सुरुवात वेल्डच्या काठाला होते, मधोमध नाही. हेडट्यूब (हँडलखालची आखूड नळी) आणि डाऊनट्यूबचा सांधा, सीटखालच्या सीटट्यूबचा वरचा सांधा, मागच्या शॉकचा माउंट, चेनस्टेचा (पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्यांचा) पूल, या त्या जागा. न दुखावलेला कार्बन अशा वारंवारच्या ताणाला अलॉयपेक्षा कितीतरी चांगला टिकतो. ‘न दुखावलेला’ हा शब्द मात्र दोनदा वाचा.

याचा अर्थ अलॉय फ्रेम दोन वर्षांत तुटते असा नाही. नीट बनवलेली फ्रेम वर्षानुवर्षं चालते. कोमांसाल ही कंपनी तर फ्रेम अलॉयच्याच बनवते आणि त्या उतारावरच्या शर्यतीत धावतात. मात्र दर दोन महिन्यांनी फ्रेम धुऊन, पुसून, या सगळ्या जागा टॉर्चने बघायच्या. रंगावर केसासारखी रेघ दिसली तर तिच्यावर नख फिरवा. नख अडकलं किंवा पुसल्यावर रेघेतून पुन्हा काळसर ओल उमटली, तर चालवणं थांबवा.

कार्बनची बाजू घेताना एक खोटी गोष्ट मात्र बोलणार नाही. ‘कार्बन हादरे पितो’ हे फुल सस्पेन्शनवर विसरा. अडीच इंची टायर, त्यात २४ पीएसआय हवा, वर १६० मिलिमीटरचा फोर्क. एवढं पार करून जे उरतं ते फ्रेमपर्यंत पोचेस्तोवर काही शिल्लक राहत नाही.

कार्बनला खरा अर्थ आहे तो हलक्या वर्गात, ५०-६० न्यूटन-मीटरच्या लहान मोटरच्या सायकलींत. तिथे मोटर दोन किलोच्या आत, बॅटरी लहान, चढावर अर्धं काम तुमच्या पायाचं. पण तिथेही एक गंमत बघा. ऑर्बिया कंपनीची राइझ ही सायकल आधी कार्बनमध्ये आली तेव्हा ३६० वॅट-तासांची बॅटरी होती. नंतर तिचीच अलॉय आवृत्ती, हायड्रो, आली ती ५४० घेऊन. फ्रेम जड, पण रेंज दीडपट. लांब वाटेवर कोणती चालेल हे ज्याने त्याने ठरवावं.

तुमच्या बाबतीत खरा फरक फोर्क आणि ब्रेकचा आहे, फ्रेमचा नाही. म्हणून अलॉय घ्या आणि वाचलेले पैसे असे लावा. चार पिस्टनचे कॅलिपर, पुढे-मागे २०३ मिलिमीटरच्या डिस्क, चिखलासाठी मेटल पॅड. येऊरच्या उतारावर १०६ किलो थांबवायचे असतात. शिमानोच्या डिस्क नव्या १.८ मिलिमीटर जाड असतात, १.५ ला बदलायच्या. मग मागचा टायर जाड केसिंगचा. २००-३०० ग्रॅम वाढतील, वाढू द्या. आपल्या डोंगरांचा दगड बेसॉल्टचा, फुटला की त्याच्या कडा सुरीसारख्या, आणि पातळ टायरची बाजूची भिंत तिथेच फाटते. सीलंट (टायरमधली भोकं बुजवणारा द्रव) उन्हाळ्यात लवकर सुकतं, म्हणून मार्च ते मे दर दोन महिन्यांनी ६०-८० मिलिलिटर पुन्हा भरायचं.

(येऊरला गेटच्या आत डांबरी रस्ता सोडून पायवाटांवर सायकल घालू नका. ते राष्ट्रीय उद्यान आहे, परवानगीशिवाय आत जाता येत नाही.)

ऐरोली_खाडीकाठ

दोघांनी खाडी हा शब्द वाचलाच नाही वाटतं.

कार्बन गंजत नाही, हे अर्धंच खरं. कार्बनचा धागा वीजवाहक असतो. त्याला अॅल्युमिनिअम चिकटलेलं असलं आणि मध्ये खारट ओल आली, की घरच्या घरी बॅटरी तयार होते. झिजतं ते अॅल्युमिनिअम. त्याची पांढरी भुकटी होते, भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, आणि भाग जागच्या जागी जॅम होतो. चांगल्या फ्रेममध्ये दोघांच्या मध्ये काचतंतूचा पातळ थर देतात. तो कुठे खरवडला गेला की सुरुवात होते. टायटॅनिअमला कार्बनच्या शेजारी हा त्रास जवळपास नाहीच.

कार्बन फ्रेममध्ये हे दिसतं बाटलीच्या पिंजऱ्याच्या रिव्हनटभोवती (फ्रेममध्ये ठोकून बसवलेल्या नटाभोवती), हँडल जिथे फिरतं त्या हेडसेटच्या कपात, पिव्हटच्या (मागचं सस्पेन्शन वळतं त्या सांध्याच्या) बुशमध्ये, आणि सगळ्यात जास्त सीटपोस्टवर. ड्रॉपर पोस्टची (बटणाने वरखाली होणाऱ्या सीटपोस्टची) बाहेरची नळी अॅल्युमिनिअमची, फ्रेम कार्बनची, आणि मागच्या चाकाने उडवलेलं पाणी नेमकं तिथेच झिरपतं. सहा महिने हात लावला नाही तर पोस्ट निघत नाही. मग कोणी व्हाइसमध्ये धरून फ्रेम पिळतं आणि सीटट्यूबच फाटते.

उपाय कंटाळवाणा आहे, पण सोपा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा आणि एरवी तीन महिन्यांतून एकदा असं करायचं:

किती उंचीवर होती त्याला टेपची खूण करून पोस्ट बाहेर काढायची. आतली नळी कोरड्या फडक्याने पुसायची. सायकल उलटी करून आतलं पाणी गाळायचं. हे पाणी बघून पहिल्यांदा दचकायला होतं. मग पोस्टला कार्बन पेस्टचा पातळ हात. पेस्टमध्ये बारीक कण असतात, त्यामुळे कमी आवळूनही पोस्ट सरकत नाही. क्लँपवर आकडा लिहिलेला असतो, बहुधा ५ न्यूटन-मीटर. तो टॉर्क रेंचनेच लावायचा. ड्रॉपर खाली जाताना अडकायला लागला तर क्लँप जास्त आवळलाय असं समजायचं.

अलॉय फ्रेममध्ये अलॉय पोस्ट असेल तर पेस्टऐवजी साधं ग्रीस. काढणं-पुसणं तेवढंच, पण हयगय झाली तर क्षमा जास्त.

बेअरिंगला मात्र फ्रेम कशाची आहे याचं सोयरसुतक नाही. पिव्हटची बेअरिंग पुरती फिरत नाहीत, काही अंश इकडे, काही अंश तिकडे. त्यामुळे ग्रीस पसरत नाही आणि पाणी एकाच जागी बसून गोळ्यांवर खळगे पाडतं. दसऱ्याच्या सुमारास, पाऊस पुरता सरला की, शॉक सोडवून मागचा त्रिकोण हाताने वरखाली करून बघा. खरखर लागली तर सील बारीक पिनने उचलून जुनं ग्रीस धुवा आणि मरीन ग्रीस भरा. बेअरिंग रेशमासारखी फिरत नसतील तर बदला. बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून त्यांना निळं थ्रेडलॉक.

आणि प्रेशर वॉशर नको. नाक्यावर स्कूटर धुतात तिथे तर अजिबात नेऊ नका. मोटर आणि बॅटरी पावसाचे शिंतोडे सोसतात, रोखून मारलेली धार नाही. बादली, मऊ ब्रश, शेवटी बॅटरी काढून कप्पा पुसायचा आणि पिना कोरड्या करायच्या. पिनांवर हिरवट डाग आला तर काँटॅक्ट क्लीनर.

कासारवडवली_पेडल

खूप आभार सगळ्यांचे. ताई, रिव्हनटचा मुद्दा तर डोक्यातच नव्हता.

आता नवा गोंधळ. त्याच दुकानात दोन वर्षं वापरलेली कार्बनवाली, नव्या अलॉयच्या किमतीत मिळते आहे. डाऊनट्यूबखाली गार्ड आहे, बाकी चकचकीत. दगड बसलेला असला तर कळणार कसं? आणि बसला तर फ्रेम फुकट जाते का? अलॉय तरी वेल्ड करून घेता येईल, असं सगळेच सांगतात.

रबाळे_टूलरूम

नेमकं उलट आहे. दुरुस्तीच्या बाबतीत कार्बन सोपा आणि अलॉय अवघड.

वागळे इस्टेटपासून नवी मुंबईतल्या टीटीसीच्या औद्योगिक पट्ट्यापर्यंत टिग वेल्डिंग करणारे हवे तेवढे मिळतील आणि वेल्ड देखणाही मारतील. अडचण नंतरची. बऱ्याच फ्रेम ६०६१ च्या असतात आणि त्यांची ताकद टी-६ या उष्णता प्रक्रियेतून आलेली असते. अख्खी फ्रेम ५३० अंशांच्या आसपास तापवतात, झटकन गार करतात, फ्रेम वाकडी होते म्हणून लगेच जिगवर सरळ करतात, मग १६०-१७५ अंशांवर काही तास ठेवतात. तुम्ही तडा वेल्ड केलात की त्याच्या दोन्ही बाजूंचा पट्टा मऊ पडतो, ताकद निम्म्यावर येऊ शकते. पुन्हा टी-६ करायचं तर रंग, कप, बेअरिंग सगळं काढून मोठी भट्टी हवी, आणि एका फ्रेमसाठी ती कोणी पेटवत नाही. न करता चालवली तर नवा तडा जुन्याच्या शेजारी येतो. ७००५ मिश्रधातूला तेवढा सोपस्कार लागत नाही, पण फ्रेम कशाची आहे हे कंपनीच्या कागदावरूनच कळतं. म्हणून ई-एमटीबीच्या अलॉय फ्रेमला हेडट्यूबजवळ किंवा मोटरजवळ तडा गेला तर वेल्डिंग नको, वॉरंटी मागा. नळीच्या मध्यभागी गुळगुळीत खड्डा पडला असेल, धारदार घडी नसेल, तर लक्ष ठेवून चालवता येते. घडी पडली असेल किंवा खड्डा वेल्डला लागून असेल तर फ्रेम संपली.

कार्बनमध्ये फुटलेला भाग उतरता घासतात. मग एकेक थर चढवतात, प्रत्येक वरचा थर खालच्यापेक्षा चहूबाजूंनी १०-१२ मिलिमीटर पुढे. इपॉक्सी, व्हॅक्यूम बॅग, मग मंद उष्णता. नळीच्या मधल्या भागाचं काम चांगल्या हाताने केलं तर ताकद परत येते. मोटरच्या बोल्टांजवळ, पिव्हटच्या भोकांजवळ आणि हेडट्यूबवर जाणते कारागीर हात लावत नाहीत. त्यांनी नाही म्हटलं तर दुसरा शोधू नका. आणि दुरुस्ती केली की वॉरंटी गेली असं समजा.

आता ती जुनी सायकल. दुकानदाराला सांगा, गार्ड काढून दाखव. काढायला नकार आला तर पुढे बोलायची गरजच नाही. गार्डखाली चिखल अडकतो, वाळूसारखा घासत राहतो आणि रंग खाऊन धाग्यापर्यंत पोचतो. चकचकीत सायकलीतही तिथे मॅट पट्टा सापडतो.

मग बॅटरी काढून टॉर्च आतल्या भिंतीवर मारायचा. बाहेर नुसता टिकल्याएवढा टवका असतो आणि आत पांढरट फांद्या पसरलेल्या दिसतात. दगडाचा मार कार्बनला असाच लागतो, आतून सुटतो, बाहेर साळसूद.

नंतर एक रुपयाचं नाणं. नळी कोरडी करून दर सेंटिमीटरवर हलकी टिचकी, डावीकडे आणि तिथेच उजवीकडे. ठणठणीत भाग टणक आवाज देतो. थर सुटलेला असेल तर आवाज मेल्यासारखा बद्द. गाठीजवळ नळी जाड होते म्हणून आवाज बदलतो, त्याने घाबरायचं नाही. तो दोन्ही बाजूंना सारखाच बदलतो. एका बाजूला बद्द आणि दुसऱ्या बाजूला टणक, हे वाईट. शेवटी जुन्या सुती बनियनचा तुकडा सगळीकडे फिरवायचा, जिथे धागा अडकेल तिथे थांबायचं.

चेनस्टेची आतली बाजूही बघा. साखळी चेनरिंग आणि चेनस्टेच्या मध्ये अडकली की मोटर थांबेपर्यंत करवतीसारखी ओढते. अलॉयवर ओरखडा पडतो, कार्बनवर खाच.

एवढं सगळं स्वच्छ निघालं तरी नाण्याने खोलवरचं कळत नाही. खात्री अल्ट्रासाउंड तपासणीने होते. ती करून द्यायला दुकान तयार नसेल तर नव्या अलॉयच्या किमतीत जुना कार्बन घेण्यात मला हशील दिसत नाही.

सीवूड्स_स्पॅनर

टूलरूमशी सहमत, एक भर घालतो. फ्रेमची वॉरंटी बहुतेक कंपन्या पहिल्या मालकालाच देतात. दोन वर्षं वापरलेली सायकल म्हणजे कार्बनची सगळी जोखीम तुमच्याकडे आणि ज्यासाठी जास्त पैसे मोजायचे ती लांब वॉरंटी पहिल्या मालकाकडेच राहिली. मोटर-बॅटरीची वॉरंटी वेगळी आणि बहुधा दोनच वर्षांची, तीही संपत आलेली. बॅटरी किती वेळा चार्ज झाली याचा अहवाल डीलरच्या निदान यंत्रावर निघतो, तो मागा.

आणि गाडीला मागे लावायचं कॅरिअर असेल तर वरच्या नळीला चिमटा घेणारं कार्बनला चालत नाही. दुरुस्तीच्या स्टँडवरही नळीला धरायचं नाही, सीटपोस्टला धरायचं, तेही ड्रॉपर पूर्ण वर करून खालच्या जाड भागाला.

ढोकाळी_हब

विषय थोडा बाजूचा, पण हा धागा वाचून कोणीतरी घरातल्या कार्बन हार्डटेलला (मागे सस्पेन्शन नसलेल्या सायकलला) मोटरचं किट लावायला निघेल म्हणून लिहितो. लावू नका. हब मोटर, म्हणजे चाकाच्या मधोमध बसणारी, आपला सगळा पीळ ड्रॉपआउटच्या (फ्रेममध्ये चाकाचा आस बसतो त्या खाचेच्या) दोन चपट्या कडांवर टाकते. कार्बनचा ड्रॉपआउट त्यासाठी बनलेला नसतो, कडा कुरतडल्या जातात आणि एक दिवस आस गरकन फिरून वायर तोडतो. अलॉयवरसुद्धा टॉर्क आर्म (आस फिरू न देणारी पट्टी) हवाच. नट ३५ ते ४० न्यूटन-मीटरला, आणि पहिल्या ५० किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे. बाफांगची मिड-ड्राइव्ह किट ६८ ते ७३ मिलिमीटरच्या आट्यांच्या बॉटम ब्रॅकेटसाठी (पेडलचा आस बसतो त्या जागेसाठी) असते. बऱ्याच कार्बन फ्रेममध्ये ते प्रेस-फिट, म्हणजे आट्यांशिवाय दाबून बसवलेलं असतं, आणि बसवलीच तर तिचा कंस चेनस्टेवर दाबून राहतो.

कमी बजेटमध्ये हब मोटरची तयार देशी हार्डटेल बघत असाल, तर अलॉय की कार्बन हा प्रश्नच येत नाही, त्या अलॉयच्या किंवा स्टीलच्याच मिळतात.

पाम_बीच_सकाळी

कोणी ‘भाऊ अमेरिकेतून आणून देतो, कार्बन स्वस्तात पडेल’ म्हणत असेल तर दोन गोष्टी. १६० वॅट-तासांच्या वरची लिथिअम बॅटरी प्रवासी विमानात सामान म्हणून नेता येत नाही, आणि इथे ६२५ ची गोष्ट चालली आहे. दुसरं, तिकडच्या क्लास १ सायकलींची मोटर ताशी ३२ किलोमीटरपर्यंत साथ देते. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत पेडल-असिस्ट सायकल मोटार वाहन धरली जाऊ नये यासाठी साथ ताशी २५ ला बंद व्हावी लागते, बॅटरीशिवाय वजन ६० किलोच्या वर नको, आणि मोटरच्या ताकदीचीही मर्यादा आहे. सोबत वॉरंटीही नाही.

कासारवडवली_पेडल

ठरलं, नवी अलॉय. जुनीचा गार्ड काढायला दुकानदाराने खरंच टाळाटाळ केली.

ताबा घेताना काय काय बघून घेऊ?

रबाळे_टूलरूम

पैसे भरायच्या आधी हे विचारा: डिरेलर हँगर (मागचा गिअर टांगायचा सुटा तुकडा), पिव्हट बेअरिंगचा संच आणि मागचा त्रिकोण सुटा मिळतो का, आणि भारतात यायला किती आठवडे लागतात. हँगर यूडीएच (अनेक कंपन्यांच्या सायकलींना चालणाऱ्या) जातीचा असेल तर काळजी मिटली, तो कुठेही मिळतो. बसवताना बोल्ट २५ न्यूटन-मीटर. नसेल तर एक जादा हँगर बिलातच घालून घ्या. मोटर बिघडली तर ती कुठे पाठवतात हेही विचारा, कारण आठवडे त्यातच जातात. बिलावर फ्रेम नंबर आणि मोटर नंबर दोन्ही हवेत.

मग सायकल. फ्रेमवरचं वापराच्या वर्गाचं लेबल बघा. ३ असेल तर साधारण ६१ सेंटिमीटरपर्यंतच्या उड्यांसाठी, ४ असेल तर १२२ पर्यंत. शेजारी एकूण वजनाची मर्यादा असते, त्यात सायकल, तुम्ही आणि बॅग सगळं धरायचं. तुमचे १०६ होतात.

वेल्ड एकेक करून बघा. लाटा समान असाव्यात, मध्ये छिद्र किंवा बाजूला खोल चर नको. बॅटरी काढून खिडकीच्या कडेवरून बोट फिरवा. कड धारदार राहिली असेल तर वायरचं आवरण कापते, तिथेच डीलरकडून घासून घ्या. हेडट्यूबजवळ वायरी जिथे फ्रेमला टेकतात तिथे पारदर्शक पॉलियुरेथेनची फिल्म लावून घ्या. अलॉयवरही लावा, नाहीतर एका पावसाळ्यात रंग जाऊन धातू उघडा पडतो.

मोटर बंद ठेवून क्रँक उलटा फिरवा, मग पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा. हेडसेटमध्ये टकटक नको. मागचं चाक धरून आडवं हलवा, पिव्हटमध्ये खुळखुळ नको. मग मोटर चालू करून लिफ्टपाशी जा, बॅटरी काढा, सायकल उभी करून आत घाला. हँडल दाराला अडत असेल तर स्टेमचे चार बोल्ट सैल करण्यापेक्षा पुढचं चाक काढणं बरं. थ्रू-अॅक्सल (चाकाचा आरपार जाणारा आस) परत लावताना त्यावर लिहिलेलाच टॉर्क.

ऐरोली_खाडीकाठ

आणि डाऊनट्यूबच्या गार्डचे स्क्रू पहिल्याच दिवशी काढून ग्रीस लावून परत बसवा. जूनमध्ये दर पंधरा दिवसांनी गार्ड काढून धुवायचा आहे. गंजलेला स्क्रू एकदा डोकं फिरून गोल झाला की तो गार्ड दिवाळीपर्यंत निघत नाही.